कांताताईंची मूठ

कांताताई गेल्या, असा त्यांच्या मुलाचा फोन आला तेव्हा घरात आम्ही तिघे होतो. मी, माझी पत्नी सुनंदा आणि चार दिवसांसाठी माहेरी आलेली आमची मेघना. सुनंदाने डोळ्यांना पदर लावला. मेघना म्हणाली, "बाई चांगल्या होत्या. पण ऐन वेळी मला सोडून गेल्या होत्या, ते मी विसरले नाही." त्या फोनला आता दीड महिना झाला.

गोष्ट सहा वर्षांपूर्वीची. मेघनाला दोनदा दिवस राहून गर्भ टिकला नव्हता. तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी हार्मोनची इंजेक्शनं लिहून दिली. आठवड्यातून दोन, कमरेखाली, एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. त्यासाठी ती नारायणगुड्याला आमच्याकडे राहायला आली. कांताताई मागच्या गल्लीत राहत. मूळच्या नांदेडकडच्या, सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या. दारातूनच "जयभीम साहेब" म्हणत येत आणि मेघनाला हसवत. "हं, वळ कुशीवर. लेकराला सांग, मावशी आली, भिऊ नको. सुई त्याला नाही, त्याच्या मायला आहे."

तिसऱ्या आठवड्यात सुईच्या जागी गाठी आल्या. दुखत, खाजत, कुशीवर झोपता येईना. माझी सगळी नोकरी जमिनी मोजण्यात गेली, त्यामुळे सुनंदा टेपने मोजायची आणि मी वहीत लिहायचो. उजवी तीन सेंटिमीटर, डावी अडीच. आकडे वाढू लागले तशी माझी नजर कांताताईंच्या हातावर खिळली. औषधाची काचेची अँपूल मुठीत मिटून त्या पाच-सात मिनिटं गप्पा मारत बसत. मूठ उघडे ती थेट औषध भरताना, तेही खिडकीकडे तोंड आणि आमच्याकडे पाठ करून. एकदा सुईवरून ओघळलेला थेंब मी बोटांवर चोळून पाहिला. तेल! औषध बदलून ही बाई भलतंच टोचते आहे, असं मी ठरवूनच टाकलं. पुढच्या अँपूलवर निळ्या स्केचपेनने बारीक सात लिहिला, कारण ती सातवी होती. त्या गेल्यावर कागदात गुंडाळलेली काच उलगडून पाहिली. आकडा नव्हता.

संध्याकाळी त्यांच्या दारात गेलो. "उद्यापासून येऊ नका."

"कामून साहेब? काही चुकलं का माझं?"

"दुसरी सोय झाली आहे."

मेघनाला सांगितलं, ताई न कळवता गावी गेल्या.

मग दोन आठवडे जवळच्याच हिमायतनगर भागातल्या एका क्लिनिकात गेलो. तिथला कंपाउंडर एसीच्या खोलीतली गार अँपूल फोडायचा आणि लगेच टोचून मोकळा व्हायचा. "गाठ तो आती इच, अम्मा." चौथ्या इंजेक्शननंतर डावी गाठ पाच सेंटिमीटर झाली, लाल आणि गरम. मेघना उशीत तोंड खुपसून म्हणाली, "बाबा, आता एकही नको. राहायचं तर राहील बाळ."

तिला घेऊन थेट डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी तपासून पू झाला नसल्याची खात्री केली आणि समजावलं, की हे औषध तेलातच येतं, गार असलं की घट्ट राहतं, हातात धरून कोमट करावं आणि सावकाश द्यावं. तरीही थोड्या गाठी येतातच. सातव्या अँपूलच्या दिवशी चहाचा कप घेताना कांताताईंचा तळवा निळसर दिसला होता, ते मला तिथल्या बाकावर आठवलं. आकडा त्यांच्या घामाने पुसला होता.

कंपाउंडरच्या एकाही अँपूलवर मी आकडा घातला नव्हता. का? आमचं घर तीन पिढ्या सरकारी नोकरीतलं, आणि कांताताईंचं "जयभीम" मला दर वेळी कानाला लागायचं. संशय तिथून, जातीवरून, सुरू झाला होता. गाठी नंतर आल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांना बोलवायला गेलो. माफीची चार वाक्यं जुळवून ठेवली होती, ती लागलीच नाहीत. त्या लगेच माझ्याबरोबर निघाल्या. मेघना रुसून म्हणाली, "ताई, न सांगता गावी गेलात!" कांताताईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. "हौ गं माय, जावं लागलं." मला वाटलं, आता ही बाई याची किंमत वसूल करणार. बारशापर्यंत मी वाट पाहिली. पुढची पाच वर्षंही पाहिली. त्यांनी काही मागितलं नाही, आणि मीही कधी काही बोललो नाही...

फोन आला त्या दिवशी मेघनाचं ते वाक्य ऐकलं. मग तिला सगळं सांगितलं. आकड्याचं, खोट्या गावाचं, माझ्या कानांचं. सुनंदा पुटपुटली, "आता कशाला?"

"म्हणजे त्या इथेच होत्या?" मेघनाने विचारलं. "मागच्या गल्लीत? मी कण्हत होते तेव्हा?"

"हो."

ती कांताताईंच्या घरी जायला उठली. मीही चपला शोधू लागलो.

"तुम्ही नंतर या, बाबा," ती म्हणाली. "आधी मला एकटीला जाऊ द्या."