काकांचा जबाब

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईलाही नाही. सांगताना छातीत काहीतरी हलेल असं वाटलं होतं — काहीच होत नाहीये.

मी पत्रकं वाटत मोठी झाले. नागपूरला बाबांच्या खांद्यावर बसून घोषणा दिल्या. नोकरीसाठी न्यू जर्सीत आले तरी खोड गेली नाही. आफ्रिकेतल्या एका देशात हुकूमशहा गेला, त्याच्या सैन्याने मारलेल्या-गायब केलेल्यांचा छडा लावायला सत्यशोधन आयोग बसला. तिथून इकडे आलेल्यांचे जबाब नोंदवायला माणसं हवी होती. मी गेले. दर शनिवारी, एडिसन गावच्या लायब्ररीत. सत्यावर लेख लिहिले, भाषणं ठोकली.

पार्सिपनीचे काका — निवृत्त इंजिनिअर, माझ्या मॅनेजरचे, निखिलचे वडील. अमेरिकेत येण्याआधी ते त्याच देशात रस्ते बांधत होते. त्यांच्याकडे गणपतीला जेवताना काका माझ्या शेजारी बसले आणि म्हणाले, "सैनिकांनी आमचं खोदायचं मशीन मागितलं. चावी मी दिली. सकाळी पाहिलं तर चर खणून बुजवलेला. त्यावरून रस्ता आम्हीच नेला. माझा जबाब घेशील?"

"घेते ना काका. सगळं सविस्तर, जबाब देतानाच सांगा."

निखिलने ऐकलं होतं. मला गाडीपर्यंत सोडायला आला. "बाबांना यात नको ओढू, यार. या वयात कशाला?" धमकी? छे. माझ्या ग्रीन कार्डचा अर्ज कंपनीतून त्याच्याच हातून जायचा होता, पण त्याचं त्याने नावही काढलं नाही. ते माझ्याच मनात आलं.

मी काकांना फोन केला. आयोग फक्त त्या देशाच्या नागरिकांचे जबाब घेतो, म्हटलं. खोटं — कुणाचेही घेतात.

"असं कसं? मशीन तर आमचं होतं ना?"

"नियम आहे, काका."

"बरं. तू म्हणतेस म्हणजे तसंच असणार."

मी म्हणते म्हणजे! माझे लेख वाचायचे ते.

पुढच्या शनिवारी त्या देशातली एक बाई समोर बसली. भरपाई नको, कुणाला शिक्षाही नको. भावाला कुठे पुरलंय, एवढंच तिला हवं होतं. मी सगळं नीट टाइप केलं. शोध चालू आहे, म्हणाले.

माझं ग्रीन कार्ड आलं. काका गेल्या हिवाळ्यात गेले. तो रस्ता कुठला, निखिलला माहीत नाही. मी काकांना विचारलंच नव्हतं.

ती बाई अजून मधूनमधून मेसेज करते — काही कळलं का?

मी लिहिते, नाही.