पालकसभेला आलेली अकरा वर्षांची छाया

छाया गेली.

वय पस्तीसच्या आसपास. आसपास म्हणते, कारण तिची जन्मतारीख डॉक्टरांनी दात आणि हाडं बघून ठरवली होती.

चोवीसेक वर्षांपूर्वी मी घाटकोपरच्या एका म्युनिसिपल शाळेत पहिलीला शिकवायचे. वर्गात सुमेध, शेजारच्या बालवाडीत त्याचा भाऊ अमोल. दोघांच्या केसांना तेल, नखं कापलेली.

पालकसभेला त्यांची 'मावशी' आली. साडी, पदर पार कपाळापर्यंत. सही करायला वाकली आणि पदर सरकला.

अकरा वर्षांची पोरगी!

"मावशी ना तू?"

"ताई आहे. पण ताईची सही चालत नाय ना, टीचर."

वडील बिल्डिंगना रंग द्यायचे. परांचीवरून पडले, जागीच गेले. भाड्याची खोली सुटली. आई तिघांना घेऊन पुलाखाली राहायला आली, आणि दोन वर्षांत टीबीने तीही गेली. जालन्याकडच्या काकाने फोन उचलणं बंद केलं.

बस्स. एवढ्यावर तीन मुलं रस्त्यावर येतात. मला खरंच माहीत नव्हतं.

छाया सकाळी सार्वजनिक नळावर दोघांना आंघोळ घालायची, शाळेत सोडायची आणि सिग्नलला गजरे विकायची.

"तूपण ये ना शाळेत."

"मी आले तर सामान कोण बघणार?"

सामान म्हणजे एक पत्र्याची पेटी आणि दोन गोधड्या.

मला राहवलं नाही. मुलांच्या मदतीसाठी असतो त्या नंबरवर मी फोन केला.

वाटलं, चांगलं काम केलं. पण मुलांची संस्था वेगळी, मुलींची वेगळी. भाऊ दिंडोशीला, ही मुलुंडला.

चौथ्या दिवशी ती तिथून निघाली. विचारत विचारत, चालत, मुलुंडहून दिंडोशीला पोचली. वॉचमनने हाकललं, तर समोरच्या फुटपाथवर बसून राहिली.

बालकल्याण समितीपुढे तिला आणलं तेव्हा मीही होते. मॅडमनी विचारलं, "का पळालीस गं?"

"पळाले नाय. भावांकडे गेले."



"तिघांना एकत्र ठेवा. नायतर तिघांना सोडा."

एकत्र ठेवणं नियमात बसेना. पण दर रविवारी भेट ठरली. तिला घेऊन जायची जबाबदारी मी घेतली.

सात वर्षं. तिने एक रविवार चुकवला नाही. ताप असताना आली. दहावीच्या पेपरच्या आदल्या दिवशी आली. गेल्या गेल्या आधी दोघांचे कान, दात, गुडघे तपासायची. मग वह्या. लाड सगळ्यात शेवटी.

अठरा पूर्ण झाल्यावर तिने पाळणाघरात नोकरी धरली, कांजूरमार्गला खोली घेतली आणि भावांना घरी आणलं. आज सुमेध लिफ्ट टेक्निशियन आहे. अमोल हॉस्पिटलमध्ये नर्स. शेवटचे दोन महिने तिचं सगळं त्यानेच केलं.

एकदा धीर करून विचारलं होतं, "माझ्या फोनमुळे तुमची ताटातूट झाली. राग आला होता ना?"

"लय. वर्षभर." मग हसली. "पण टीचर, तिथे दोघं पोटभर जेवत होते. म्हटलं, माझा राग राहू दे बाजूला."

बारा वर्षांची होती हो तेव्हा! मी आजही, या वयात, एवढी मोठी झालेली नाही.

आईचा टीबी तिलाही झाला होता. पुलाखाली असताना तो खोकला कोणी तपासलाच नाही. औषधं मिळाली तोवर उशीर झाला होता. टीबी बरा झाला, फुप्फुसं नाही झाली.

आज सकाळी सुमेधचा फोन आला. "टीचर, ताई गेली."

आपल्यात मोठ्यांच्या पाया पडतात. मी तुझ्याहून वीस-बावीस वर्षांनी मोठी, छाया. आज मी तुझ्या पायांवर डोकं ठेवलं, आणि तिथे जमलेल्या कोणालाच त्याचं नवल वाटलं नाही.

सुखाने जा गं.

तुझी टीचर