मुक्तछंदातली श्रद्धांजली

मी एका जिवंत बाईला श्रद्धांजली वाहिली. तीही मुक्तछंदात, आणि सगळ्यांच्या आधी.

आमचा मोबाइलवरचा कवींचा एक ग्रुप आहे. हिंगणघाटच्या एका शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या बाई दर रविवारी सकाळी त्यावर आपलं एक चित्र टाकतात आणि आम्ही दिवसभर त्या चित्राखाली कविता लिहीत बसतो. नियम एकच : चित्राला नाव नाही, खुलासा नाही. बाई बहुतेक वादक रंगवतात, पण स्वप्नात यावेत तसे. एका तबलजीच्या पुढ्यात तबल्याऐवजी दोन विहिरी होत्या आणि त्याची बोटं पाण्यावर पडत होती. एका पेटीवाल्याने भाता उघडला, तर आतून वेचणीला आलेलं कापसाचं शेत बाहेर आलेलं. बासरीवाल्याचे तर केसच बगळे होऊन उडून गेले होते, आणि तो टकलू इतक्या सुखात वाजवत होता की मी माझ्या टकलाकडे पहिल्यांदा आदराने पाहिलं.

मी कारंजात चष्म्याचं दुकान चालवतो. गिऱ्हाईक नसलं की काउंटरवर कविता करतो. माझ्या कवितांत क्षितिज फार येतं अशी तक्रार आहे, ती खरी आहे.

ग्रुपमधली खरी कवी म्हणजे रोहण्याची मावशी. सत्तरी ओलांडलेली. वांगी-पालक पिकवते, आर्वीच्या बाजारात विकते, आणि विहारात गाते. ती टाइप करत नाही. खंजिरीवर थाप मारून गाते आणि आवाजच पाठवते. तिच्या दोन ओळी आल्या की आम्ही आपापल्या वीस ओळी गुपचूप पुसून टाकतो.

तर ही मावशी काही दिवस गप्प होती. आणि एका रविवारी बाईंचं चित्र आलं : मावशी. चहूकडे गर्द निळं, त्यात पांढऱ्या साडीतली मावशी, डोळे मिटलेले, हात दिसत नाहीत आणि खंजिरी आपली एकटीच वर तरंगते आहे. आमच्या घरात पांढरं लुगडं एकाच कारणासाठी बाहेर निघतं. बुद्धपौर्णिमेला आमच्या दुकानासमोरून विहाराकडे पांढऱ्या साड्यांची हसती-बोलती रांग जाते, ती मी दरसाल पाहतो. पण त्या घटकेला ती कुठली आठवायला. डोळे पुसत मी लिहिलं, ‘मावशी, तू क्षितिजापार गेलीस...’

पाठोपाठ जोडलेल्या हातांचा पूर आला. एकाने चार ओळींत तिची अंत्ययात्रा काढली. कुणीतरी विचारलं, केव्हा गेल्या? मी उत्तर दिलं, ‘नक्की कळलं नाही, पण अचानक.’

दुपारी बाईंचा फोन आला.

“सर, गेलं कोण?”

मी सांगितलं.

“मावशींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. मोबाइल पाहायला मनाई आहे, म्हणून गप्प आहेत. त्यांना बरं वाटावं म्हणून मी हे काढलं. विहारात गायला जातात ना, तशा.” आणि मग, “सर, तुमचं दुकान चष्म्याचंच आहे ना?”

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार.

“आता हे त्यांना कोणत्या तोंडाने दाखवू? चित्र काढून टाकते मी ग्रुपवरून.”

हे मात्र मला सहन होईना. मावशीचं कुणी काढलेलं हे पहिलंच चित्र, आणि ते माझ्या क्षितिजापायी जाणार. मी म्हणालो, “मी रोहण्याला जाऊन येतो. तोवर राहू द्या.” आणि दुकानाचं शटर ओढून गाडी काढली.

मावशी अंगणात बाजेवर बसली होती, काळा चष्मा लावून. सुनेने तिला सगळं आधीच वाचून दाखवलेलं.

“ये बापू,” ती म्हणाली. “चहा चालते ना, का सुतक पाळून राह्यला?”

मी माफी मागायला तोंड उघडलं. तिने हातानेच थांबवलं. “ते राहू दे. तुही कविता वाच. तुह्याच तोंडून आयकाची हाये.”

मी वाचायला लागलो. आवाज निघेना.

“जोरात वाच. मेलेल्या माणसाले कमी ऐकू येते.”

सून पदर तोंडाला लावून आत पळाली. मी कसंबसं संपवलं.

“आता चित्र सांग. हिनं नुसत्या कविताच वाचल्या.”

चित्र सांगायचं म्हणून मी ते पहिल्यांदा नीट उघडलं. ग्रुपवर वरचा अर्धा भागच दिसत होता, आणि मला रडायला तेवढा पुरला होता. खाली वांग्याचा वाफा होता. साडीचा काठ चिखलाने माखलेला, पाय मातीत घट्ट. निळं आभाळच वाफ्यात उतरून झाडांच्या बुंध्याशी पाण्यासारखं साचलं होतं. आणि हात नाहीसे झालेले नव्हते. ते खाली तण उपटत निंदण करत होते; खंजिरी वर आपोआप वाजत होती, झांजांच्या जागी लहान लहान चंद्र. मी सांगत गेलो. असं पाहणारं माणूस आपल्या जिल्ह्यात राहतं, आणि आपण त्याच्या चित्राखाली क्षितिज लिहितो.

मावशी हळूच म्हणाली, “तिले कसं समजलं बापू? मी निंदतानाच म्हणते सारं. कोणालेच नाई सांगितलं.”

तिने सुनेला खंजिरी मागितली, मला मोबाइल धरायला लावला, आणि गायली :

आभाळच आलं खाली माह्या वांग्याच्या वाफ्यात,
मी कायले वर जाऊ, चिखल हाये तळव्यात.

आम्ही ते ग्रुपवर पाठवलं. मग बाईंचा निरोप आला : चित्र राहील. मी तो वाचून दाखवला तेव्हा मावशीने खंजिरीवर एक थाप मारली. मी तिथेच ठरवलं की आजच्या दिवशी आपण काही लिहायचं नाही.

निघताना चपला घालत विचारलं, “मावशी, माझी ती कविता ठेवू का पुसू?”

“पुसजो,” ती म्हणाली. “माह्यं मरण सोडलं तर तिच्यात नवीन काईच नोव्हतं.”