पाऊलभर पाण्यातली कयाक

कुवेतमध्ये नदी नाही. एकही नाही. हे मला अकरा वर्षं माहीत होतं, माझ्या नवऱ्यालाही. तरी त्या शुक्रवारी पहाटे गाडीच्या टपावर कयाक बांधून आम्ही सालमीच्या रस्त्याने नदीकडे निघालो होतो.

मंगळवारी माझं विमान होतं, कायमचं. नाशिकला वडिलांना आता एकटं राहणं जमत नव्हतं. माझा इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, रद्द व्हायचा होता, हवल्लीचं घर सोडायचं होतं आणि नवरा निवृत्तीपर्यंत चार वर्षं इथे बॅचलर म्हणून राहणार होता. पन्नाशी उलटलेल्या, लग्न झालेल्या माणसाला इथे बॅचलर म्हणतात आणि कुणाला हसू येत नाही. जाण्याआधी मला एकच गोष्ट बघायची होती, वाळवंटातली फुलं. पाऊस बरा झाला की वसंतात थोडे दिवस पिवळी नुवैर फुलते. दर वर्षी हा "या वेळी नक्की" म्हणायचा आणि दर वर्षी नेमकं तेव्हाच मीना अब्दुल्लातल्या त्याच्या प्लांटचं दुरुस्तीसाठीचं शटडाउन निघायचं. आमच्या घरात वसंत ऋतूला शटडाउनच म्हणतात.

यंदा धो धो पाऊस झाला. एका सहकाऱ्याने त्याला व्हिडिओ दाखवला: एरवी कोरडी असणारी वादी, म्हणजे वाळवंटातला ओढा, कमरेएवढ्या पाण्याने वाहतेय आणि दोन्ही काठ पिवळेजर्द. अकरा वर्षांची भरपाई नुसत्या गाडीने कशी होणार? फुलं पाण्यातून बघायची, असं याने ठरवलं आणि दोघांपुरती हवेने फुगवायची होडी, ही कयाक, विकत आणली.

त्याच दिवशी निघालो असतो तर बरं झालं असतं. पण माझा नवरा सेफ्टी इंजिनिअर. कामाची पद्धत लिही, धोक्यांची यादी कर, परमिट भर, यात बारा दिवस गेले. धोका क्रमांक चार होता "पत्नीचा संयम सुटणे". त्यापुढे माझी सही घेतली. बाजारातून मी भाजी घेऊन आले तरी हा दारात मोजतो, "हेडकाउंट दोन, सगळे सुरक्षित." अशा माणसाला घाई करून उपयोग नसतो.

नियमाप्रमाणे काठावर लक्ष ठेवायला एक स्टँडबाय माणूस हवा, म्हणून त्याच्या प्लांटवरचा मालवणकडचा फिटर बरोबर घेतला होता. त्याचा जन्म खाडीकाठचा. त्याच्या गळ्यात शिट्टी होती आणि तो काही बोलत नव्हता.

उजाडता उजाडता पोचलो. गाडी रस्त्याला लावून, हेल्मेट, लाइफ जॅकेट आणि सेफ्टी शूज घालून आम्ही ती फुगवलेली कयाक उतारावरून फरफटत खाली नेली. पायाखाली बुटकं, मिटलेलं गवतासारखं काहीतरी होतं. माझं सगळं लक्ष नदीकडे.

नदी पाऊलभर होती.

"साहेबानू," फिटर शेवटी बोलला, "ह्या पाण्यात म्हस पण बसूची नाय."

"बसून तर बघू," नवरा म्हणाला. बसलो. कयाक चिखलात रुतली. तो वल्हं मारत होता आणि मी जागच्या जागी चिखलाने माखत होते. काठांवर एक फूल नव्हतं, नुसत्या पाण्याच्या रिकाम्या बाटल्या. तासभर हेच चाललं. फिटरने तेवढ्यात नियमानुसार दोनदा शिट्टी वाजवली.

जवळच्या तंबूतून एक म्हातारे कुवेती गृहस्थ चहाचे पेले घेऊन आले. "वेन अल-बहर?" त्यांनी विचारलं. समुद्र कुठाय? नवऱ्याने त्यांना परमिटची फाइल दाखवली. त्यांनी ती मन लावून, पान उलटून उलटून पाहिली आणि आदराने परत दिली.

मला रडू फुटलं. धोका क्रमांक चार. "अकरा वर्षं!" मी ओरडले. "अकरा वर्षांत तुला एक फूल दाखवता आलं नाही!"

नवऱ्याने वल्हं खाली ठेवलं. त्याचा चेहरा बघवेना. म्हाताऱ्यांनी आमच्या मागे बोट दाखवलं.

ऊन चढलं होतं. आम्ही जो उतार उतरून आलो, तो सगळा पिवळा झाला होता. सकाळी पायाखाली गवतासारखं मिटलेलं होतं, ती ही फुलं; आता उघडली होती. आणि बरोबर मधोमध, गाडीपासून आमच्यापर्यंत, कयाकएवढा रुंद, चिरडलेला, सरळ पट्टा. अकरा वर्षं ज्यांची वाट पाहिली ती आम्हीच तुडवत आलो होतो.

फिटर आधी हसला. मग आम्ही कयाकमध्ये बसूनच पोट दुखेपर्यंत हसलो, चहा पीत दुपारपर्यंत फुलं बघत राहिलो. निघताना नवऱ्याने मोजलं, "हेडकाउंट तीन, सगळे सुरक्षित."

मंगळवारी विमानतळावर तो काचेपलीकडे उभा होता, मी दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत. विमानात बसले तेव्हा फोनवर त्याचा मेसेज आला होता.

"हेडकाउंट एक."

पुढचं त्याने लिहिलं नव्हतं.