अंगठा लावायला गावी

शहरात, दौलतगंजातल्या दोन खोल्यांत येऊन सूर्याजीराव इंगळ्यांना सात वर्षं झाली, तरी सकाळी डोळा उघडला की ते आधी आभाळ बघायचे. दिसायची समोरच्या गच्चीवरची पाण्याची टाकी. मग मुकाट पिशवी घेऊन दूध आणायला जायचे.

घराण्यातल्या तलवारी कधीच गेल्या, गावची, डबऱ्याकडची आठ बिघे जमीन तेवढी उरली. तीही आता बटाईवर, वाट्यानं कसायला दिलेली. बायको उषाताई हृदयाच्या दुखण्यानं खंगली, डॉक्टर जवळ हवा म्हणून शहर धरलं. गाव सोडताना ती रडायला लागली, तेव्हा हे बोलून गेले, "अगं, मलाच कंटाळा आलाय त्या मातीचा." तो शब्द बोरीच्या काट्यासारखा आत बसला. आता शेत आठवतं म्हणावं, तर तिच्या आजारावर बोट ठेवल्यासारखं व्हायचं.

वाट सरकारनंच काढून दिली. किसान निधीचा हप्ता चालू राहायला अधनंमधनं अंगठा लावून ओळख पटवावी लागायची. इथं शहरातच, महाराज बाड्यावर पाच मिनिटांत होणारं काम. पण सूर्याजीरावांनी घरी ठोकून दिलं, "जमीन जिथली, अंगठाही तिथंच लागतो!" मोहरी फुलली की निघायचे. अंगठा टेकवला की थेट शेताच्या मेडेवर, बांधावर. ढेकूळ बोटांत चुरायचं, पाणी उशिरा सोडलं म्हणून बटाईदाराला दोन शिव्या हासडायच्या. मुक्काम करावासा वाटला की घरी फोन, "मशीन बंद आहे."

"बरं बंद पडतं मेलं, मोहरी बघून!" उषाताई म्हणायच्या. पुढं काही विचारायच्या नाहीत.

यंदा थैली भरून झाली, तोच नात तन्वी कॉलेजातून आली.

"आबा, बसमध्ये धक्के कशाला खाता? अब तो घर बैठे होता है. फोनला चेहरा दाखवायचा, बस!"

"माझा चेहरा नाही ओळखायचं ते."

"ओळखतं हो. इकडे बघा. हं, आता पापणी मिटा एकदा."

सूर्याजीरावांनी डोळे ताणले ते ताणलेच. पापणी लवली की यंदाचं गावी जाणं बुडालं.

"आबा, झपकाओ ना!"

"लवतच नाही गं. म्हातारपण, दुसरं काय."

"असं कुठं असतं? पुतळ्यासारखे काय बसलात!"

डोळे चुरचुरले, पाण्यानं भरले. आणि पापणी लवलीच.

"हो गया!" तन्वीनं टाळी वाजवली.

उषाताईंनी खाटेवरची थैली ओढली आणि कपडे बाहेर काढायला घेतले.

"राहू दे ते," सूर्याजीराव म्हणाले.

"काम तर झालं ना?"

"झालं." पायाशीच असलेली चप्पल ते उगाच खाटेखाली शोधत राहिले. तसंच वाकून म्हणाले, "शेत बघायचंय गं मला. इथं करमत नाही. कधीच करमलं नाही."

तन्वी आजीकडं बघत राहिली. उषाताईंनी काढलेला पायजमा पुन्हा घडी करून आत घातला, वर स्वेटर ठेवला.

"मेडेवर हरभरा असेल. कोवळी भाजी खुडून आणा," त्या म्हणाल्या. "इथली जून असते. सात वर्षं तीच गिळतेय मी."