आत्याच्या दोन रिंगा

‘स्पष्ट’ हा शब्द कोणी उच्चारला की हल्ली माझं डोकं फिरतं. रेडिओवरच्या बाई तो फार गोड उच्चारायच्या. कितीतरी दिवस रोज कार्यक्रमाच्या आधी आणि नंतर त्यांचं तेच चाललं होतं. श्रोतेहो, आता आपले चर्चेचे, संवादाचे, भाषणांचे सगळे कार्यक्रम एएमवरून एफएमवर जाणार, अधिक स्पष्ट आवाजात. जणू इतकी वर्षं आम्ही कानांत बोळे घालून बसलो होतो. स्पष्ट हवंय असं तुम्हांला सांगितलं कोणी? आम्हांला विचारलं होतं का? निदान माझ्या आत्याला तरी?

आत्या कोकणात, मालवणच्या बाजूला, एकटी राहते. बाबा माझ्याकडे मुंबईत, नाहूरला. बाबा गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर मिळेल ती कामं केली आणि आता खिडकीच्या ग्रिलमध्ये तुळस, गवती चहा आणि रेडिओ ठेवून त्यांचा संसार चालतो. रेडिओ जुना, हातभर लांब. बिल्डिंगची लिफ्ट हलली की बोलणाऱ्याच्या घशात खडे अडकायचे आणि शेजारच्यांनी मिक्सर लावला की तो पार ऐकूच येईनासा व्हायचा. बाबांना त्याचं काही वाटायचं नाही. खड्यांतून तांदूळ निवडावेत तसे ते शब्द निवडून घ्यायचे.

संध्याकाळी दिवेलागणीला एक गप्पांचा कार्यक्रम लागतो. दोघंजण बोलतात. कधी डॉक्टर येतो, कधी शेतीचा माणूस, कधी कोणी नुसताच शहाणा. हा कार्यक्रम बाबा नाहूरला ऐकायचे आणि आत्या गावाला ऐकायची. एएमचं तेच तर सुख. मुंबईहून निघालेला आवाज समुद्राच्या कडेकडेने थेट तिच्या पडवीत पोचायचा. तिच्या घरी दुसरं माणूस नाही, पण रेडिओतली ती दोघं रोज संध्याकाळी हजर.

आणि मग मिस कॉल. ही त्या दोघांची रीत, मी पाहत आलेय तशी. कार्यक्रम सुरू झाला की आत्याची एक रिंग: लावलाय, बसलेय. लगेच बाबांची एक रिंग: मीपण. मध्येच बोलणारा काहीतरी अचाट बोलला, म्हणजे कोणी सोलकढीत टोमॅटो घालायला सांगितला, तर लागोपाठ दोन रिंगा. त्याचा अर्थ, ‘ह्येचा डोक्या फिरला.’ कार्यक्रम संपला आणि आवडला असेल तर फोन तुटेपर्यंत वाजू द्यायचा. उचलायचा मात्र कोणी नाही. एकदा मी चुकून उचलला तर पलीकडून ना हॅलो ना काही, थेट ओरडा. “उचललंस कित्याक गो? तुका काय कळता काय नाय?”

पूर्वी फोनला पैसे पडायचे म्हणून ही रीत पडली. आता बोलणं फुकट झालं तरी रीत राहिली. मला वाटतं, त्या दोघांना बोलण्यापेक्षा हेच आवडायचं. भाऊ-बहीण एका घरात बसून तिसऱ्याचं ऐकतायत आणि अधूनमधून एकमेकांकडे बघतायत, असं काहीतरी.

तर तो दिवस आला. बाबांनी रेडिओचं बटण एफएमवर सरकवलं आणि खरंच, आवाज इतका स्वच्छ की वक्त्याने पाणी प्यायलेलं ऐकू आलं. कागद उलटलेला ऐकू आला. लिफ्ट वर-खाली झाली, मिक्सर फिरला, वक्ता ढिम्म. बाबा खूश. “झकास!” म्हणाले. एवढ्यात आत्याची रिंग आली, बाबांनी आपली दिली, आणि मीही मनात म्हटलं, चला, उगाच काळजी करत होते.

पुढच्या काही दिवसांत मात्र आत्याच्या रिंगा बिघडल्या. म्हणजे सुरुवातीची यायची, शेवटची यायची, पण मधल्या दोन कुठेही पडायच्या. एक डॉक्टर साखरेच्या आजारात पायांची काळजी कशी घ्यावी ते नीट सांगत होता, तिथे दोन रिंगा. बाबा चमकले. “ह्यात काय चुकलं?” मग एके दिवशी एका म्हाताऱ्या दशावतारी कलावंताची आठवण सांगत होते. नुकताच गेला होता तो.  आणि नेमक्या तिथे टिंग, टिंग.

बाबांना राग आला. खरा राग. “मेलेल्या माणसाबद्दल बोलतायत आणि ही म्हणते डोकं फिरलं? बायचंच डोकं फिरलंय.” त्या दिवशी त्यांनी शेवटची रिंग दिली नाही. रात्री जेवताना म्हणाले, वय झालं तिचं, आता काही खरं नाही. मी म्हटलं, फोन करून विचारा ना. तर म्हणाले, “काय विचारू? वेडी झालीस काय, असं?”

उत्तर मिळालं ते क्रिकेटमुळे. एका संध्याकाळी कार्यक्रम रद्द करून त्या जागी सामन्याचं समालोचन लावलं होतं. बाबा वैतागून रेडिओ बंद करणार, तेवढ्यात आत्याची रिंग आली. लावलाय, बसलेय. बाबांचा हात तसाच राहिला. आत्या आणि क्रिकेट? नाव काढलं तरी रेडिओ बंद करणारी बाई ती. बाबा खुर्ची ओढून बसले आणि फोन मांडीवर घेतला. समालोचक ओरडत होता, चेंडू सीमेपार जात होता. थोड्या वेळाने दोन रिंगा आल्या. आणि कार्यक्रम संपायची वेळ झाली, सामना मात्र ऐन रंगात होता, तेव्हा फोन वाजू लागला तो वाजतच राहिला. तुटेपर्यंत. म्हणजे, आजचा छान होता.

बाबांनी उलटा फोन लावला. रिंग नव्हे, फोन. आत्याला वाटलं असणार रिंग आहे, तिने पुष्कळ वेळ उचललाच नाही. बाबा परत परत लावत राहिले. शेवटी तिने उचलला. फोन स्पीकरवर होता, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

“बाय, आज काय आयकलंस?”

“आयकलंय मां. बरो होतो.”

“कोण होतो?”

पलीकडे आत्या खोकली. मग बाबा हळू आवाजात म्हणाले, “बाय, आज कार्यक्रमच नाय होतो.”

आत्या आधी रागावली. तिची ती पद्धतच आहे, सापडली की रागवायचं. तू माझी परीक्षा घेतोस काय, मी काय शाळेत आहे काय. मग एकदम म्हणाली, “माका पयल्या दिवसापासून नुसती खरखरच आयकाक येता रे दादा.”

एफएम तिने लावून बघितलं होतं. तिथे कुठली तरी हिंदी गाणी लागायची, तीही तुटक-तुटक. मुंबईचं एफएम मुंबईपुरतं. डोंगर आला की संपलं. तिच्यापर्यंत पोचायचा दम फक्त त्या जुन्या एएममध्ये होता आणि त्यावरून बोलणारी माणसं उठून गेली होती. मग ही बाई रोज भिंतीवरच्या घड्याळात बघून पहिली रिंग द्यायची, घड्याळात बघून शेवटची द्यायची, आणि मध्ये एकदा अंदाजाने दोन. “मदी काय तरी वाकडा बोललोच आसतलो तो मेलो.”

“पण सांगलंस कित्याक नाय?” बाबा म्हणाले.

“सांगून काय करू? कार्यक्रमच नाय म्हटल्यावर तू माका रिंग कित्याक देतलंस?”

  एकटी म्हातारी बाई, खरखरणाऱ्या डब्यासमोर बसून, न ऐकलेल्या कार्यक्रमाला रोज दाद देत होती, एवढ्याचसाठी की भावाने आपल्याला विसरू नये. आणि आम्ही इथे वक्त्याने पाणी प्यायलेलं ऐकून खूश होतो!

दुसऱ्या दिवशी मी रेडिओ केंद्रात फोन लावला. मी मुलुंडला पतपेढीत काउंटरवर बसते, लोकांच्या तक्रारी ऐकण्यात माझा जन्म गेला, त्यामुळे तक्रार कशी करायची ते मला कळतं. या टेबलावरून त्या टेबलावर फिरवत शेवटी एका सभ्य गृहस्थांना जोडून दिलं.

“मॅडम, जगभर हेच चाललंय. एएमचे ट्रान्समीटर जुने झाले, वीज खातात. एफएमला क्लॅरिटी आहे.”

“आत्याच्या घरी ती क्लॅरिटी येत नाही.”

“ॲप आहे ना आपलं. त्यांना सांगा डाऊनलोड करायला.”

“बटणांचा फोन आहे.”

“मग नातवंडांना सांगा, सेट करून देतील.”

“त्यांना मूलबाळ नाही.”

“मग त्यांनी तिकडचं जवळचं केंद्र ऐकावं. तिथेही छान कार्यक्रम असतात.”

भावा-बहिणीला एकाच वेळी एकच कार्यक्रम ऐकायचा असतो, हे आता यांना काय सांगणार? सांगितलं असतं तर हसले असते. मी विचारलं, हा निर्णय घेताना लांब राहणाऱ्या श्रोत्यांचा विचार कोणी केला होता का? तर म्हणाले, “केला ना मॅडम. आम्ही तक्रारींसाठी नंबर दिला होता. एकही तक्रार आली नाही.”

“नंबर कुठे दिला होता?”

“कार्यक्रमात. बदल झाल्यावर रोज वाचून दाखवत होतो.”

“म्हणजे एफएमवर.”

“हो, अर्थात.”

मी फोन ठेवला. आपटलाच. आंधळ्यांच्या गावात पाटी लावायची, दिसत नसेल त्यांनी खाली सही करावी, आणि मग म्हणायचं, बघा, एकही सही नाही! पतपेढीत मी असं केलं असतं तर लोकांनी काउंटरची काच फोडली असती. ज्यांना ऐकू येईनासं झालं त्यांची तक्रार येणार कुठून? ती माणसं रेडिओ थोडा हलवतात, सेल बदलतात, वर दोन थपडा मारतात, आपलाच रेडिओ बिघडला म्हणतात आणि गप्प बसतात. आत्याने तर नवे सेलही आणले होते. मोठ्या जागी बसलेल्यांनी काही बिघडवलं की गरिबाला आधी आपल्याच वस्तूचा संशय येतो, याचा मला सगळ्यात जास्त संताप येतो.

मग आम्ही आमचे उपाय केले. बाबा रोज फोन करून बोलू लागले. “जेवलंस?” “जेवलंय.” “पावस?” “नाय.” “बरा.” “बरा.” संपलं. आत्याच चौथ्या-पाचव्या दिवशी म्हणाली, रोज उठान काय बोलाचा? आणि खरंच होतं. जन्मभर ती दोघं तिसऱ्याच्या बोलण्यावर बोलत आली होती. तिसरा उठून गेल्यावर या दोघांकडे जेवण आणि पाऊस एवढंच उरलं.

मग मी फोन रेडिओसमोर ठेवून पाहिला. तिला आवाज विहिरीतून आल्यासारखा यायचा. शिवाय फोन आधीच चालू, मग रिंग देणार कशी? एकदा वक्ता काहीतरी बरळला आणि बाबांचा अंगठा सवयीने बटणाकडे गेला. फोन कट झाला. दोघंही चिडली, एकमेकांवरच. म्हणजे राग काढायलाही केंद्रातले ते सभ्य गृहस्थ मिळाले नाहीत.

परवा मी कामावरून आले तेव्हा दिवेलागण झाली होती. घरात खरखर ऐकू येत होती. मला वाटलं रेडिओ बिघडला. बघते तर बाबा ग्रिलपाशी बसलेत, रेडिओचं बटण परत एएमवर आणि काटा त्याच जुन्या जागी. लिफ्ट हलली तशी खरखर थोडी वाढली.

“बाबा, एफएमवर चालू आहे ना कार्यक्रम. इथे काय ऐकताय?”

“तिला जे ऐकू येतं ते ऐकतोय,” बाबा म्हणाले. “मी तिला सांगितलंय. लाव, मीपण लावतो.”

मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. त्या स्पष्ट आवाजाचा, त्या गोड बाईंचा, एकही तक्रार न आल्याचा. बोलायला तोंड उघडलं, तर बाबांनी हाताने गप्प केलं. कार्यक्रम चालू असताना आमच्या घरात बोलायचं नसतं.

खरखर चालली होती. मी तिथेच पर्स मांडीवर घेऊन बसले. पुष्कळ वेळ काही झालं नाही. मग बाबांच्या हातातला फोन वाजला आणि थांबला. परत वाजला आणि थांबला.

दोन रिंगा.

बाबा एवढे हसले, एवढे हसले की त्यांना चष्मा काढावा लागला. “बरोबर आहे तिचं,” डोळे पुसत ते म्हणाले, आणि त्यांनीही तिला दोन दिल्या.