मावशींचं नाक

मावशी आमच्या तोंडाचा वास घ्यायच्या. डायलिसिस सुरू व्हायच्या आधी एकदा, आणि चार तासांनी सुया काढल्यावर एकदा. अमरावतीच्या त्या सेंटरमध्ये त्या साफसफाईला होत्या. हे काम त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. रक्त नीट धुतलं गेलं नाही की श्वासाला मुतारीसारखा वास राहतो. मावशी मात्र त्याला वास म्हणत नसत. वाकायच्या, डोळे मिटायच्या आणि म्हणायच्या, "गेला." नाहीतर, "बसूनच हाये तो."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला, आणि रागही. मी दर्यापूरच्या शाळेत गणित शिकवते. रिपोर्ट बरा असताना ही बाई कोण सांगणारी? शेवटची जीप गाठायची म्हणून मी नर्सकडे गयावया करून अर्धा तास आधीच सुया काढून घेऊन उठायची. मावशी वास घेऊन म्हणायच्या, "जीप भेटन मॅडम, पण तो बी संगंच येऊन राहिला तुमच्या."

शेजारच्या खाटेवर वलगावचे एक काका असत. तेही लवकर उठायचे, वर मावशींना चकवायला लवंग चघळायचे. एकदा मावशी त्यांच्या तोंडाशी बराच वेळ वाकून राहिल्या. "लवंगाच्या मांगं लपला," त्या म्हणाल्या. "मले फसवसान भाऊ, त्याले कसे फसवसान?" काका हसले. पुढच्या वारी त्यांची खाट रिकामी होती. घरीच वारले, असं कळलं. तेव्हापासून मी पूर्ण चार तास पडून राहू लागले. जीप गेली खड्ड्यात.

मग फुंकायचं यंत्र आलं. नळीत फुंकलं की श्वासातला अमोनिया आकड्यात दिसायचा. आकडा आणि मावशी, दोघांचं दर वेळी जुळायचं. टेक्निशियन पोरगी एकदा गमतीनं म्हणाली, "मावशी, तुम्हीही फुंका." मावशींनी फुंकलं. आकडा आमच्या डायलिसिसआधीच्या आकड्यासारखाच आला. यंत्र बिघडलं म्हणून तिनं परत फुंकायला लावलं, तरी तोच.

मावशी स्टुलावर बसल्या. "वास तर मले घरी बी येत होता," त्या हळू म्हणाल्या. "मले वाटे, तुमचाच कोणाचा संगं आला."

पुढे काकांच्या खाटेवर मावशीच डायलिसिसला येऊ लागल्या. मावशी आल्या त्या शेवटच्या वारी, सुया काढल्यावर, त्यांनी तोंड माझ्याकडे वळवलं. "पाहा ना मॅडम, गेला का?"

मी वाकले. इतक्या वर्षांत मला स्वतःचा कधी आला नव्हता, तो वास स्पष्ट आला.

"गेला," मी म्हणाले.

मावशी माझ्याकडे बघत राहिल्या. "मास्तरीण असून लबाड बोलता," त्या म्हणाल्या, आणि माझा हात त्यांनी बराच वेळ सोडला नाही.